काहिलीतली पाचवी

“आक्का, तू का न्हाई बसलीस?”

विश्वजीत हे मला विचारतो. मला मांडीवर आपटतो, उघडतो, पुन्हा तेच विचारतो. ज्या माणसाला विचारायचं ते राहिलं नाही, आणि बाकी कुणाचं उत्तर त्याला पटलं नाही.

मी एक कादंबरी बोलतेय. चांगली जाडजूड, तीनशे अठ्ठावीस पानांची. माझ्या मुखपृष्ठावर एक मोठा डोळा आहे आणि डोळ्यात रान. आत इरा नावाची सतरा वर्षांची पोरगी शापित रानात अडकली आहे. ती मुळ्या खाऊन जगते, नदीशी मंत्रानं बोलते आणि तिमिर नावाच्या पोरावर जीव टाकते. हे खोटं आहे हे छापणाऱ्याला ठाऊक होतं, विकणाऱ्याला ठाऊक होतं. वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल, असं मी धरून चालले.

मला आर्जवनं घेतलं, विश्रामबागेतल्या एका दुकानातून. कृष्णाकाठच्या गावचा पोरगा, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. मला तेव्हाच त्याचा संशय आला. त्यानं माझी किंमत पाहिली नाही, मागचं पान वाचलं नाही. दुकानाच्या काचेत बघून स्वतःचे केस मात्र दोनदा नीट केले. स्वतःसाठी पुस्तक घेणारा माणूस असं करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिवांजलीच्या हातात होते. म्हसवडची पोरगी, वसतिगृहात राहून शिकणारी, त्याच्याच वर्गातली.

“चेटकाचं हाय व्हय?” तिनं डोळ्यावर बोट ठेवून विचारलं.

“चेटकाचं बी हाय. दुसरं बी हाय.”

“दुसरं काय?”

“वाच की. सगळं मीच सांगू?”

तिनं मला पेन्सिल घेऊन वाचलं. माझ्या कडेच्या मोकळ्या जागेत ती इराशी भांडायची, तिमिरला शिव्या द्यायची. अधूनमधून नुसतं ‘आ.’ लिहायची आणि खोडायची. मला ते आवडायचं. पण ती जेवताना हसायला लागली की मी मनात म्हणायचे, बाई, जरा जपून.

मग नदी वाढली. आर्जवची आजी, चंपाबाई, गावात एकटीच होती. तिला आणायला आर्जव निघाला आणि शिवांजली त्याच्याबरोबर गेली. मी तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. जाताना रस्ता होता. तासाभरात नव्हता. शेजारची दोन लहान पोरंही तिथंच अडकलेली. होडी यायचा पत्ता नाही, म्हणून आर्जवनं उसाचा रस आटवायची काहील पाण्यात ढकलली. नदीकाठी लोक असंच करतात. काहील म्हणजे त्यांची होडीच. पण काहिलीत चौघं बसतात. पाचवं बसलं की ती कलंडते.

मी सॅकमध्ये. मला अर्धंच ऐकू आलं. “चौघंच,” असं आर्जव ओरडला. शिवांजली काहीतरी बोलली, ते पाण्याच्या आवाजात गेलं. मग सॅक चंपाबाईंच्या मांडीवर आली. वल्हवायला आर्जव, एक आजी, दोन पोरं. शिवांजली ओट्यावर राहिली.

तो तिला न्यायला परत फिरला तेव्हा ओटा दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती बाभळीत सापडली. सॅक आर्जवनं विश्वजीतच्या हातात दिली. विश्वजीत तिचा धाकटा भाऊ. सातवीतनं शाळा सोडून टेम्पोवर गेलेला, डोकं लगेच तापणारा. त्यानं सॅक घेतली आणि विचारलं, “हे बरं आणलंस. ती का न्हाई आणलीस?”

“ती म्हणली, तिला पवायला येतं.”

“खोटं! आमच्या माण तालुक्यात प्यायला पाणी न्हाई, गड्या, पवायचं कशात?”

खरं सांगते, मीही त्याच्याच बाजूची होते. जो माणूस काचेत केस बघतो, तो काहीही सांगेल.

घरी शेजारची रंगुबाई मला बघून मागं सरली. “मनुबाई, जाळ हे आधी. करणी हाय. मंत्र हायत आत.”

“तुला वाचाय येतं व्हय गं?” विश्वजीतच्या आईनं रडता रडता विचारलं.

“मंत्राला वाचाय लागतं व्हय? दिसत्यात की!”

विश्वजीत मला टेम्पोत घेऊन बसला. काडी ओढली. माझा एक कोपरा काळा झाला, आणि तेवढ्यात त्याला आक्काचं अक्षर दिसलं. त्यानं तळव्यानंच जाळ विझवला.

त्या दिवसापासून तो मला वाचतो. बोट ठेवून, एकेक शब्द दोनदा. त्याला आर्जवचा गुन्हा शोधायचा होता. दर ‘आ.’पाशी दात खायचा. नऊ दिवस लागले. काल दुपारी आम्ही पान दोनशे अकरावर आलो.

तिथं पूर आहे. तराफ्यावर जागा नाही. इरा तिमिरला म्हणते, “मला पोहता येतं. तू लहानग्यांना ने.” तिला येत नसतं. पण ती मंत्र म्हणते आणि नदी तिला अलगद उचलते.

खाली पेन्सिलीनं होतं : ‘खोटारडी! पण बरोबर केलंस. मी पण हेच केलं असतं. मला पोहता येत नाही हे आ.ला सांगायचं नाही, तो शिकवायच्या मागं लागेल.’

विश्वजीतनं ते तीनदा वाचलं. मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिच्या त्या ओळीवर मी इतके दिवस मिटून पडले होते आणि संशय घेत होते आर्जवचा. नदीकाठच्या पोराला पोहता न येणारं माणूस ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि ते वाक्य मी तिच्या तोंडी दिलं होतं.

आज बारावा. मी विश्वजीतच्या शर्टाच्या आत, पोटाशी आहे. कडा जळालेल्या, पानं फुगलेली. अंगणात सगळी भावकी आणि दारात आर्जव, चंपाबाईंना धरून. केरबामामा, पलटणीतून निवृत्त झालेले, उंबऱ्यावर हात आडवा लावून उभे.

“पवायला न येणारी पोर मुद्दाम सोडून आलास, आन् तोंड घेऊन दारात येतूस? पोरांनो, दार लावा फाटकाचं. ह्येला जाऊ द्यायचा न्हाई.”

तिघं-चौघं उठली. आर्जव हलला नाही. तो मार खायलाच आल्यासारखा उभा होता.

मला बाहेर काढलं तर तो सुटतो. पण मग माझी पानं या अंगणात मोठ्यानं वाचली जातील, प्रत्येक ‘आ.’सकट; आणि गेलेल्या पोरीवर गाव हसेल. वाचकांनो, माझ्यातलं प्रेम घ्या, रान घ्या. नदी घेऊ नका. ती तुमची वाट बघत नाही.

विश्वजीतचा हात शर्टावर आला, आणि तिथंच राहिला.

“मामा, तिला पवायला येत हुतं.”

“कुणी सांगितलं?”

“मीच शिकवलं. राजेवाडीच्या तळ्यात. आईला चोरून. हात मार म्हणलं, पाण्याला भिऊ नकू म्हणलं. त्याचं काय चुकलं न्हाई. पाणीच लय हुतं.”

मनुबाई उठल्या, चालत आल्या आणि त्यांनी पोराच्या तोंडात मारली. एकदा, पुन्हा एकदा. “मेल्या, तू घातलीस हिला पाण्यात!” त्यानं तोंड चुकवलं नाही.

मग केरबामामांचा हात त्यानं उंबऱ्यावरून बाजूला केला.

“आवं आजी, आत या,” तो म्हणाला, आणि चंपाबाईंचा हात धरून त्यांना घरात घेतलं.