कपाटातला सर्व्हर आणि एकेचाळीस माणसं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. पांढरकवड्याला हमरस्त्याच्या कडेला एक धर्मादाय दवाखाना आहे, तिथल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम. सर्व्हर म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. दवाखान्यातले चारही संगणक ज्याच्याकडे मागतात आणि जो निमूटपणे काढून देतो, तो मी. सिकलसेलचे तीन हजार चारशे बारा पेशंट, कोणाला कोणती गोळी मानवली, कोणाच्या कोणती अंगावर उठली, सगळं माझ्या पोटात.

नऊ वर्षांपूर्वी मी नागपूरहून खोक्यात बसून आलो, तेव्हा पेढे वाटले होते. मग हेडक्लार्क नरहर काका म्हणाले, "ट्रकची धूळ, जिनिंग गिरण्यांचा कापूस, याला उघड्यावर ठेवायचं नाही." कपाट आलं, कुलूप लागलं आणि किल्ली काकांच्या जानव्याला गेली. तेव्हापासून माझ्या वाट्याला आलं ते केबलसाठी पाडलेलं एक भोक. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मी त्यातून येणाऱ्या वाऱ्यावरून ओळखायचो.

कोंडलेल्याला दुसरं काम काय? मी नोंदी ठेवायचो. कोण किती वाजता आलं, कोणाचा पासवर्ड किती वेळा चुकला. डॉक्टर रजनीताई सोमवारी हमखास दोनदा चुकतात. नरहर काका कधीच चुकत नाहीत, कारण पासवर्ड त्यांनी कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवला आहे. माझी ही वही मात्र नऊ वर्षांत कोणी उघडली नाही.

काका रोज संध्याकाळी बॅकअपचं बटण दाबत आणि रजिस्टरात सही करत. सही मोठी देखणी. पण तो बॅकअप जायचा कुठे, तर माझ्याच पोटात! एका खिशातलं काढून त्याच सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात ठेवावं, तसं. मला ते कळत होतं. सांगणार कसा?

गेल्या दसऱ्याला माझी पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि तोंडावर मधोमध 'शुभ लाभ'चं स्टिकर. पंधरवड्यात माझ्या दोन हार्ड डिस्कांपैकी एक मेली. दोन्हींवर तेच लिहिलेलं असतं. एक गेली की दुसरी एकटी ओढते आणि मी पिवळा दिवा लावून हाक मारतो. दिवा लागला. नेमका स्टिकरच्या खाली.

उन्हाळ्यात निकिता आली. कपाशीवाल्या घरची मुलगी, नुकतंच शिक्षण संपलेली, सर्व्हर सांभाळायचं काम शिकायला तीन महिन्यांसाठी ठेवलेली. पहिल्या आठवड्यात तिनं एकोणीस आज्ञा चुकीच्या दिल्या आणि भर ओपीडीत मला बंद केलं. रांगेतून शिव्या आल्या. पण चुकली की ती का चुकली ते शोधायची, आणि त्या शोधात एक दिवस तिनं माझी वही उघडली.

"काका, हा बॅकअप कधी परत काढून पाह्यला का?"

"परत कशाला काढायचा? ठेवला आहे ना! घरातलं सोनं रोज मोजते का तुझी आई?"

"सोनं असन तं मोजन ना, काका. याच्यात लिवलं हाय, एक डिस्क मेली म्हणून. दोनशे बारा वेळा लिवलं हाय."

"मग दिवा लागला असता. मला काय डोळे नाहीत?"

काकांनी तावातावानं कपाट उघडलं. निकितानं स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. "अगं, दसऱ्याचं आहे ते!" काका ओरडले, पण तोवर ते निघालं होतं. पिवळा उजेड काकांच्या चष्म्यावर पडला.

निकिता धावत जाऊन बाजारातून एक बाहेरची डिस्क घेऊन आली. सगळे पेशंट आजच बाहेर काढायचे, असं तिनं ठरवलं आणि ती डिस्क मला जोडून नक्कल सुरू केली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिनं कूलर ओढून माझ्यासमोर लावला. "काका, दार बंद नका करू. हे गरम झालं तं गेलं." नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला मोकळा वारा लागला.

मग रांग वाढली आणि रजनीताईंनी तिला नंबर पुकारायला बोलावलं. दीड वाजला. काका जेवायला उठले. नऊ वर्षं ते दीड वाजता उठतात, कपाटाचं दार दाबतात, कुलूप ओढून पाहतात आणि मगच चपला घालतात. त्या दिवशीही हात सवयीनं गेला, उघडं दार लोटलं आणि कुलूप लावलं. खटकन आवाज झाला आणि मी पुन्हा अंधारात.

मित्रांनो, त्या अंधारात मी तापत गेलो. निकिता परतली तेव्हा कपाटावर थापा पडल्या. "काका! ओ काकाऽ!" काकांचा फोन घरी दुसऱ्या खोलीत वाजत राहिला. ते आले तेव्हा वरणाचा हात तसाच होता. जानव्याची गाठ त्यांना सुटेना. माझी दुसरी डिस्क दोनदा करकरली आणि थांबली.

बोंडात अळी शिरावी तशी निकिताच्या नकलेत मधली काही पानं पोखरलेली होती. तीन हजार तीनशे एकाहत्तर पेशंट बाहेर निघाले. एकेचाळीस आत राहिले.

"मी रजनीताईंना सांगतो," काका म्हणाले. "तुझं नाव यात येणार नाही."

"नाव कोनाचंबी येऊ द्या, काका. हे एकेचाळीस लोक कोन हायेत ते आधी पाहू."

आता नवा सर्व्हर उघड्या फळीवर आहे. त्याचा बॅकअप निकिता दर शनिवारी दुसऱ्या यंत्रावर परत काढून पाहते. काका शेजारी बसून पेशंटची नावं मोठ्यानं वाचतात. मी बंद आहे. नागपूरच्या कारागिरांनी माझ्या डिस्कपुढे हात टेकले.

काल मारेगावकडची तानाबाई आली. तिचं नाव एकेचाळिसांत आहे.

"आठ वर्सं सांगून राह्यली ना मी. आता आनखी पयल्यापासून?"

"हो मावशी, पयल्यापासून."

"थे एक विंजेक्शन होतं. टोचलं अन् अंगभर गांधी उठल्या. डाक्तरीनबाईनं लिवलं होतं."

"कोनतं होतं, मावशी?"

"मले काय मालूम? तुमच्या डब्ब्यात हाय म्हने."

निकिताचं पेन थांबलं.

मित्रांनो, जे जपून ठेवाल ते अधूनमधून बाहेर काढून पाहत जा. नुसत्या कुलपानं काही जपलं जात नाही. त्या इंजेक्शनचं नाव मला ठाऊक आहे. ते माझ्या डिस्कवर अजून जसंच्या तसं लिहिलेलं आहे, आणि डिस्क फिरत नाही.