त्रिलोचन महाराजांचा चौथा डोळा

दर गुरुवारी सकाळी मुलुंड पूर्वेच्या ‘गोकुळछाया’ इमारतीखालच्या हॉलबाहेर चपलांचा एवढा ढीग पडे, की परतताना माणसं देवापेक्षा स्वतःच्या चपलेचा धावा जास्त करत. आत गादीवर त्रिलोचन महाराज बसलेले असत. मानेपर्यंत जटा, कानांवर भगवा फेटा आणि कपाळावर गंधाने काढलेला तिसरा डोळा, अगदी पापण्यांसकट.

“मी बघत नाही,” महाराज म्हणत, “मला दिसतं!”

“अहाहा!” गर्दी म्हणे.

आणि खरंच दिसायचं हो, खोटं कशाला बोला! दारात चिठ्ठीवर नाव, इमारत, मजला नि घर क्रमांक लिहून द्यायचा आणि तासाभराने नंबर लागला की पुढ्यात जाऊन बसायचं. महाराज डोळे मिटत, मान तिरकी करत आणि सुरू होत.

“जयंती माई, तुमच्या स्वयंपाकघरात डाव्या भिंतीला कॅलेंडर आहे. त्यावर अजून मार्च आहे. जग ऑगस्टात गेलं, तुम्ही मार्चमध्येच अडकलात!”

जयंतीबाई ओक्साबोक्शी रडल्या. खरंच मार्च होता. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख त्या पानावर लिहिलेली म्हणून कोणी ते उलटलं नव्हतं, एवढंच.

“धवल, बाळा, तुझ्या खिडकीत निळी चड्डी तीन दिवस लटकतेय. वाळली आहे ती. आता मोह सोड.”

धवल लाजला, पण चार गुरुवार न चुकता आला.

महाराजांच्या दृष्टीला नियमही होते. सूर्य कलला की दर्शन बंद; तेजतत्त्व मावळतं म्हणे. आभाळ भरून आलं की महाराज कपाळ चोळत म्हणत, “आज सगळीकडे दाणे दिसताहेत. विश्वाचे अणुरेणू.” गर्दी अणुरेणूंनाही हात जोडी. दुपारी एक वाजता शक्ती संपे; मग ती भरून येईपर्यंत दोन तास ध्यान. आणि नाल्यापलीकडच्या ‘शांतिदीप’च्या मागच्या बाजूला राहणाऱ्यांना एकच उत्तर मिळे: “तुमच्या घरावर कर्माची भिंत आहे. साधना वाढवा.”

‘शांतिदीप’मध्ये पुढच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर श्रुतिका राहायची. तिच्या घरात ही दृष्टी शिरली ती सासूबाईंच्या, शेवंतीबाईंच्या पदराला धरून.

“अगं, काय सांगू तुला! मी बसले मात्र, तर म्हणाले, तुझ्या नातीच्या डोळ्यावर पट्टी आहे आणि पट्टीवर फुलपाखरू आहे. अंगावर काटा आला माझ्या!”

फुलपाखरू खरं होतं. श्रुतिकानेच ते चिकटवलं होतं. सहा वर्षांच्या दिशाचा उजवा डोळा आळशी होता. दिसायला चांगला, पण मेंदू त्याला कामाला लावत नव्हता. म्हणून चांगला डावा डोळा रोज चार तास झाकायचा, म्हणजे उजव्याला झक मारत बघावं लागतं. डॉक्टर शर्मिष्ठांनी बजावलं होतं, “वय वाढलं की हा मेंदू हट्टी होतो. आत्ताचा एकेक महिना मोलाचा आहे.” पहिल्या आठवड्यात दिशा पट्टी ओरबाडून रडायची आणि श्रुतिका स्वतःच्याही डोळ्याला पट्टी लावून पोळ्या लाटायची. त्या पोळ्यांच्या आकाराचा विषय घरात कोणी काढला नाही, हे तिचं नशीब.

“मग काय म्हणाले महाराज?” तिने विचारलं.

“देवानं दिलेला डोळा झाकता? पट्टी काढा सव्वा महिना. गुरुवारी पोरीला आण, धुनीच्या राखेचं अंजन मी स्वतः घालीन.”

“राख? डोळ्यात?”

“चुलीतली नाही गं, धुनीतली!”

श्रुतिकाने नवऱ्याकडे बघितलं. नितेश मरोळच्या कंपनीतून तीन गाड्या बदलून आलेला, त्याला भांडण नको होतं. “राख नकोच,” तो म्हणाला, “पण आईचं मन राखायला पट्टी काढू ना थोडे दिवस. महाराजांना फुलपाखरू कसं कळलं, सांग बघू?”

तिला सांगता येईना, आणि तेच तर झोंबत होतं. पुढच्या गुरुवारला आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी लावून दिशा खिडकीशी उभी होती. लांबचं बघायचा सराव म्हणून श्रुतिका तिला ‘गोकुळछाया’च्या गच्चीवरची कबुतरं मोजायला लावायची.

“सात. आठ. आई, त्या काकांचा पण डोळा आळशी आहे.”

“कोणत्या काकांचा?”

“टाकीजवळ खुर्चीवर बसलेत ते. त्यांची पट्टी माझ्याहून मोठी आहे. काळी! सारखी काढतात आणि परत लावतात. त्यांना आई ओरडत नाही?”

श्रुतिका धावत आली. दोन्ही डोळे धड असून तिला इतक्या दिवसांत तो माणूस दिसला नव्हता, कारण तिने कधी बघितलंच नव्हतं. छत्री, खुर्ची, तिवई आणि डोळ्याला लावलेलं काळं काहीतरी. त्याचं लांबलचक नळकांडं सरळ तिच्या स्वयंपाकघराकडे रोखलेलं.

तिने दिशाच्या गालाचे इतके पापे घेतले, की पट्टी सुटून परत चिकटवावी लागली.

दिशा झोपल्यावर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात, तिने मोबाइलवर ‘लांबचं दाखवणारा स्वस्त कॅमेरा’ शोधला. वर्णनांवर तिचा विश्वास नव्हता. ती थेट खाली, घेतलेल्या लोकांच्या अनुभवांवर गेली.

‘चंद्रावरचे खड्डे मोजले. बायको म्हणाली, आधी गल्लीतले मोज. तरी पाच तारे.’

‘उन्हात झकास. उजेड कमी झाला की फोटोत नुसते दाणे. चार तारे.’

‘बॅटरी दुपारी एकलाच झोपते. चार्जिंगला दोन तास. तीन तारे.’

‘समोरच्या टॉवरमधल्या घड्याळात किती वाजले ते कळतं. भिंतीपलीकडचं अर्थातच दिसत नाही, हे विचारणाऱ्या भावोजींसाठी. पाच तारे.’

तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, वरणाची वाट लागली, तरी श्रुतिका हसत होती. दाणे, दुपारचं ध्यान, कर्माची भिंत! महाराजांचं सगळं तत्त्वज्ञान इथे ताऱ्यांसकट छापलेलं होतं. आणि आज गुरुवार नव्हता, म्हणजे गच्चीवरचा माणूस पुढच्या दर्शनासाठी घरं आधीच हेरून ठेवत होता.

पण सासूबाईंना हे सांगून पटणार नव्हतं. त्या म्हणाल्या असत्या, कॅमेरा त्या माणसाकडे आहे, दृष्टी महाराजांकडे. काहीतरी असं हवं होतं, जे फक्त कॅमेऱ्याला खरं वाटेल. ती सासऱ्यांकडे गेली. अण्णा मूळचे मालवणकडचे, गिरणीत आयुष्य काढलेले, महाराजांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे.

“अण्णा, एक मागू का? गुरुवारी सकाळपुरतं तुम्ही... वारायचं.”

अण्णांनी चष्मा वर केला. सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. “हार झेंडूचो घाल गो, प्लास्टिकचो नको. मरूचा तर नीट मरूचा!”

गुरुवारी शेवंतीबाई पहाटेच चिठ्ठी द्यायला गेल्या. इकडे त्यांच्या पेटीतून अण्णांचा बाविसाव्या वर्षीचा फोटो निघाला, लग्नाआधी मुलीकडच्यांना दाखवायला काढलेला. स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या विमानात बसलेले, केसांचा कोंबडा, मिशा आणि खिशाला कंगवा. आता ना केस, ना मिशी, ना विमान. श्रुतिकाने तो खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगला, हार घातला, खाली उदबत्ती लावली.

“तुझ्या समाधानासाठी अर्धी रजा टाकलीय हं,” नितेश म्हणाला.

“माझ्या नको, दिशाच्या डोळ्यासाठी टाक. पडद्यापाशी उभा राहा. माझा मिस्ड कॉल आला की ओढ.”

हॉल गच्च भरला होता. पुढे शेवंतीबाई, मांडीवर पट्टीवाली दिशा, शेजारी श्रुतिका. महाराजांच्या पुढ्यात राखेची वाटी होती. ती बघून श्रुतिका दिशाच्या आणखी जवळ सरकली. तिने दिशाचा हात घट्ट धरला.

“महाराज,” ती म्हणाली, “अंजनाआधी घर बघता का? काही दोष असेल तर?”

महाराजांनी डोळे मिटले. मान तिरकी केली. बराच वेळ फेट्याला कान लावल्यासारखे बसले आणि एकदम शहारले.

“माई! तुझ्या घरात एक अतृप्त आत्मा आहे! तरुणपणी गेलेला. मिशा आहेत... खिशाला कंगवा... तो विमानात बसलाय! विमान अपघात! झेंडूचा हार त्याला टोचतोय. म्हणतोय, मला शिरा द्या, मग पोरीचा डोळा सोडतो!”

“अहाहा!” गर्दी म्हणाली.

शेवंतीबाई म्हणाल्या नाहीत. त्यांचा हात आपसूक मंगळसूत्राकडे गेला होता. “कंगवा? विमान?” त्या पुटपुटल्या. “तो फोटो तर माझ्या पेटीत...”

मागून, चपलांच्या ढिगाजवळून आवाज आला. “मी मेलंय? कधी? माका कोणी सांगूक नाय!”

टक्कल पुसत अण्णा पुढे आले. “शिरो मात्र चलात. साजूक तुपातलो.”

महाराज तयारीचे होते, दोन्ही हात उंचावून म्हणाले, “मृत्युयोग होता! माझ्या नजरेनं टळला!”

“मग आत्ता त्या फोटोखाली काय आहे, तेही सांगा,” श्रुतिकाने पदराआडून मिस्ड कॉल दिला.

महाराजांनी मान तिरकी केली. घाम फुटला. “पडदा... मायेचा पडदा आला आहे!”

“मायेचा नाही, साडेचार मीटर कापडाचा. माझ्या नवऱ्याने आत्ता ओढला.”

पहिला धवल हसला. तेवढ्यात शेवंतीबाई उठल्या. वाद घालून, पुरावे देऊन ज्यांचं मन हललं नसतं, त्या बाईला या माणसाने भरसभेत विधवा केलं होतं. “माझं कुंकू पुसतोस, मेल्या?” म्हणत त्यांनी फेटा ओढला. फेट्यातून कानातलं यंत्र निघून तारेला लोंबकळलं आणि त्यातून बारीक आवाज आला, “भावोजी, पडदा लावला हो! दुसरी खिडकी घेऊ का? पण बॅटरी जातेय!”

अर्धी गर्दी गच्चीवर पोहोचली, तेव्हा महाराजांचे मेहुणे सीताराम खुर्चीतच होते, मांडीवर कॅमेरा आणि पायाशी दारात घेतलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर अण्णा विमानात बसलेले होते, झेंडूची पाकळीन् पाकळी मोजता येईल इतके स्पष्ट. मागे मागे जावं तशी एकेकाची घरं निघाली: मार्चचं कॅलेंडर, निळी चड्डी, दिशाचं फुलपाखरू. आपापल्या खिडक्या बघून बायकांनी पदर सावरले आणि सीतारामांना असं काही सुनावलं, की कबुतरं उडाली. कोणीतरी पोलिसांना फोन लावला.

आणि तेवढ्यातही जयंतीबाईंच्या यजमानांनी विचारलंच, “झूम किती आहे हो?”

रडवेल्या सीतारामांचा चेहरा उजळला. “साठपट! मी पक्ष्यांसाठी घेतलेला. उन्हात तोड नाही. उजेड कमी झाला की मात्र...”

“दाणे येतात,” श्रुतिका म्हणाली.

“तुमच्याकडेही आहे?” सीताराम मनापासून म्हणाले.

काही जण तरीही म्हणालेच, “पण राखेत गुण असेल.” श्रुतिकाने दिशाला कडेवर घेतलं.

“गुण असेल तर महाराजांनी आधी स्वतःच्या डोळ्यात घालून दाखवावी. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मला विचारा, डॉक्टरांना विचारा, कशावरून म्हणता ते विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हातात पोरं देऊ नका.”

पुढच्या तपासणीला शेवंतीबाई स्वतः गेल्या. डॉक्टर शर्मिष्ठांना त्यांनी पाऊण तास हैराण केलं. चांगला डोळाच का झाकायचा? चार तासच का? गुण येतोय, हे कशावरून? डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी तीन महिन्यांपूर्वीची नोंद काढून दाखवली आणि दिशाला तक्त्यासमोर उभं केलं. उजव्या डोळ्याने तिने मागच्यापेक्षा दोन ओळी जास्त वाचल्या.

“पाठ नाही ना केलंस?” आजीने दरडावलं.

डॉक्टरांनी तक्ता बदलला. दिशाने तोही वाचला, तेवढाच. शेवंतीबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता पटलं.”

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं कोणाला बसल्या जागी दिसायला लागलं, तर पाया पडायची घाई करू नका. आधी उठून खिडकीचा पडदा लावा. मग विचारा, आता काय दिसतं?