कुकर कुणी लावला

सुनेचं मनगट मोडलं होतं आणि हा दीडशहाणा, बूट न काढता, आमच्या पॅसेजची रुंदी मोजत होता. मनात म्हटलं, जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

सून घरून काम करते. मागच्या खोलीत हेडफोन लावून दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते, शिव्याही ऐकते. कंपनीनेच पाठवलेल्या प्रिंटरची वायर खोलीत आडवी पसरलेली. त्या दिवशी बोलता बोलता कागद घ्यायला उठली, वायरीत पाय अडकला आणि उजव्या हातावर आपटली. दोन आठवड्यांच्या आत प्लेट बसवा, नाहीतर हाड वाकडं जुळेल, असं डॉक्टर म्हणाले. कामावर लागलं असेल तर ऑपरेशनचा खर्च विम्यातून मिळतो. नाहीतर आम्ही कुठून आणणार? मुलाचा पगार घरभाड्यातच जातो.

ऑफिसात पडली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. घरी पडली म्हणून विमा कंपनीने हा टेपवाला धाडला.

त्याने खुर्ची मोजली, वायर मोजली, मेला बाथरूममध्येही डोकावला. सून मुलाबरोबर दवाखान्यात गेली होती, म्हणून मग माझ्यासमोर बसला आणि गोड आवाज काढून म्हणाला, "आजी, सूनबाई दिवसभर घरीच. तुम्हाला मदत होत असेल, नाही?"

मदत म्हणे! मला वाटलं, माझ्या सुनेला बसून पगार खाणारी ठरवायचंय याला. माझं डोकंच फिरलं.

"मदत कसली? सगळं तीच करते! फोन कानाला असतानाच कपडे वाळत घालते, केर काढते. मला इकडची काडी तिकडे करू देत नाही."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा. कुकर तिनेच लावला होता. पडली तेव्हा दोन शिट्ट्या झाल्या होत्या."

"नशीबवान आहात," म्हणत त्याने सगळं लिहून घेतलं. मी खाली सही ठोकली, वर त्याला चहाही पाजला. चांगली जिरवली याची, असं वाटत होतं मला!

खरं सांगायचं तर कुकर मी लावला होता. रोज मीच लावते. ती नऊ ते सहा खुर्चीतून हलत नाही, हलली की पगार कापतात. पण परक्यासमोर आपल्या सुनेला कमीपणा कोण आणेल? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आठव्या दिवशी पत्र आलं. 'कुटुंबातील सदस्याच्या जबाबानुसार अपघाताच्या वेळी कर्मचारी घरकामात व्यग्र होती. सबब भरपाई नामंजूर.' सुनेने ते दोनदा वाचलं.

"आई, कुकर कुणी लावला होता?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन विम्याच्या कचेरीत गेले. टेबलामागची बाई आपली नखं न्याहाळत ऐकत होती.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "फुशारकी मारली. कुकर मी लावला, केर मी काढते, कपडेही मीच वाळत घालते. लिहा."

"आजी, तुम्ही घरच्या. तुम्ही सुनेच्या बाजूनेच बोलणार. असा जबाब धरता येत नाही."

"मग पहिला कसा धरलात? तेव्हा मी काय शेजारीण होते?"

"तो तिच्या विरुद्ध होता ना. म्हणून विश्वासार्ह."

काय ही अक्कल! आणि हिला याचा पगार मिळतो! "लाज कोळून प्यायलात सगळे," मी तोंडावर सुनावलं. तिने घंटी वाजवली आणि शिपायाने आम्हाला दार दाखवलं.

जिन्यात सून मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून माझ्यापुढे उतरत होती. डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे सोमवारी संपत होते. माझी बडबड चालूच होती. "मोठ्या साहेबांना भेटू. त्यांना सांगते, अशी सून लाखात एक..."

ती थांबली, पण वळली नाही.

"आई, आता तरी कुणापुढे माझं कौतुक करू नका."