बंद केबिनचा वास

मित्रांनो, मी दोन इंजिनांची, केबिन असलेली एक जुनी बोट आहे आणि मला माझीच किळस येते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिकत सांगायला बसल्या की आधी तरुणपणाचे कौतुक करतात. मीही करणार आहे. पण त्याआधी माझ्या पोटात काय होते ते ऐका. माझ्या तळाशी, फळ्यांखाली, एक पोकळी आहे. धक्क्यावर तिला बिल्ज म्हणतात. कुठूनही गळलेले पाणी अखेर तिथे येऊन साचते. दोन वर्षे तिथे घोटाभर काळे पाणी होते. त्यावर डिझेलचा तवंग, तवंगात केसांचा गुंता, एक कुजलेला स्पंज आणि कधीतरी आत पडलेला एक उंदीर. पुढे पुढे तो उंदीर आहे हेही ओळखू येईना. हे सगळे पोटात घेऊन मी उभी होते, आणि जाणारे येणारे म्हणत, "काय देखणी बोट आहे."

आता कौतुक. एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. साच्यात काचतंतूचे कापड अंथरायचे, त्यावर उग्र वासाचे रेझिन चोपडायचे, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन, असे थर देत कामगारांनी माझे अंग घडवले. त्यांचे डोळे चुरचुरत, पण हात थांबत नसत. मग दोरखंडांनी दोन इंजिने माझ्या पोटात उतरवली, एक डावे आणि एक उजवे. दोन इंजिने असली की एक रुसले तरी दुसरे घरी आणते. शिवाय एक पुढे आणि एक मागे फिरवले की मी जागच्या जागी वळते. मात्र प्रत्येक काम दोनदा करावे लागते. आळशी मालकाला ते जड जाते.

माझा पहिला मालक तसाच होता. त्याला मेजवान्यांसाठी बोट हवी होती. माझ्या मोऱ्यांत सिगारेटची थोटके अडकत, बेसिनमध्ये कुणीतरी ओकलेले दोन दोन दिवस तसेच राही. मी तेव्हा कोरी होते, चकचकीत होते आणि घाणेरडी होते. कंटाळा आल्यावर त्याने मला विकले.

मला विकत घेतले ते शाळेत भूमिती शिकवणाऱ्या एका माणसाने. मी त्यांना कायम मालकच म्हणत आले, पहिल्याला तसे म्हणावेसे कधी वाटले नाही. ते पहिल्यांदा घरच्यांना घेऊन आले तेव्हा त्यांची बायको धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "घरातला नळ वर्षभर ठिबकतोय. तो सोडून हे समुद्रातली गळती शोधायला निघालेत."

"नळ तुझा आहे," मालक म्हणाले. "ही माझी."

"बघा हं. मग जेवायलाही तिच्याकडेच जा."

मालकांची एक रीत होती. समुद्रावरून परत आलो की ते पालथे पडत, हात खांद्यापर्यंत बिल्जमध्ये घालत आणि पांढऱ्या फडक्याने तळ पुसून काढत. फडके पांढरेच हवे. रंगीत फडक्यावर घाण दिसत नाही, आणि दिसली नाही तर ती कुठून आली ते कसे कळणार? काळे आले तर इंजिनाचे तेल, लालसर आले तर गिअरचे, हिरवट आले तर इंजिन थंड ठेवणारे पाणी. त्यांची थोरली मुलगी शेजारी तशीच पालथी पडे. नुसते पाणी निघाले तर ती त्यात बोट बुडवून जिभेला लावी.

"शी. काय चाटतेस गं ते?" तिची आई वरून ओरडे.

"गोडं आहे, आई. म्हणजे पावसाचं. समुद्र आत आलेला नाही."

"समुद्र येईल न येईल, जुलाब नक्की येतील."

धाकटा मुलगा या भानगडीत पडत नसे. तो पुढच्या टोकावर पाय सोडून बसे आणि दुसऱ्या बोटींना हात करी. मालकीणबाई केबिनमध्ये विणत बसत. त्यांना लाटांची भीती वाटे, तरी त्या येत. मालक काम संपवून आत येऊन गादीवर आडवे होत, आणि मग केबिनला डिझेल, दाढीचा साबण आणि खोकल्याच्या गोळ्या असा मिळून एक वास येई. तो चांगला वास होता. बिल्ज कोरडे असले तर बोटीला माणसांचा वास येतो.

मालक गेले ते घरी, आरशासमोर दाढी करताना. मला कुणी सांगितले नाही. तीन आठवडे कुणी आले नाही, त्यावरून मी ओळखले. मग एका दुपारी बाई एकट्याच आल्या. त्या केबिनमध्ये गादीवर बराच वेळ बसल्या. उशी उचलून नाकाला लावली, परत होती तशी ठेवली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मी कधी विसरणार नाही. घरून आणलेले टॉवेल आणि मालकांचे जुने बनियन घेऊन त्यांनी माझ्या बाजूच्या जाळ्यांत कोंबले आणि वरून रुंद चिकटपट्टी लावली. वारा आत गेला तर तो वास निघून जाईल, असे त्यांना वाटले. माझ्या काही जाळ्यांतून केबिनला हवा मिळते आणि काहींतून इंजिनांना. बाईंना त्या सगळ्या सारख्याच. त्यांनी एकही सोडली नाही. मग कुलूप लावले आणि किल्ली पदराला बांधून गेल्या.

मित्रांनो, इतक्या प्रेमाने कुणी कुणाचा गळा दाबला नसेल.

बंद जागेत ओल कुठे जाणार? ती भिंतींवर आली, छतावरून ठिबकली, गादीत मुरली. बिल्जमधले पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी संपली आणि बिल्ज भरत गेले. मालकांच्या उशीवर आधी करडे ठिपके आले, मग हिरवी लव उगवली. संडासाच्या टाकीचे झाकण फुगले. डिझेलमध्ये पाणी उतरले आणि त्यात काळा, शेंबडासारखा गाळ धरला. बाहेरून, पाण्याखाली मला पुढे ढकलणाऱ्या पंख्यांवर शिंपल्यांचे पुंजके बसले. त्या वासात मालकांचे म्हणून काही उरले नव्हते.

मग धाकट्याला मला सुधारायची हुक्की आली. तो सहा तासांच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला फोनवर म्हणाला, "ताई, बाबांची बोट अशी पडून राहायला नको. मी एकदम नवीन करतो बघ तिला." केबिनची किल्ली आईने दिली नाही, म्हणून त्याने बाहेरूनच नवीन केले. पांढरा रंग मारला. रंगाऱ्याने जाळ्यांवरच्या चिकटपट्टीवरूनच ब्रश फिरवला, कारण कुणी त्याला काही सांगितले नव्हते. मागच्या डेकवर हिरवा गालिचा चिकटवला, त्याखाली पाणी साचून आठवड्यात त्याला ओल्या कुत्र्याचा वास येऊ लागला. कडेने निळे दिवे लागले, दोन मोठे स्पीकर आले. नव्या तारा त्याने जुन्या, गंजून हिरव्या पडलेल्या तारांना पिळून जोडल्या. नाकावर पावडर थापावी आणि दात घासू नयेत, तशी मी झाले.

एके दिवशी बंदराच्या कचेरीतले साहेब आले. त्यांनी वाकून माझ्या कडेने पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग पाहिला आणि नाकाला रुमाल लावला. "महिनाअखेरीला ही दोन्ही इंजिनांवर बंदराबाहेर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जाऊन आली पाहिजे," ते धाकट्याला म्हणाले. "नाहीतर क्रेननं उचलून कापून टाकू. मेलेल्या बोटींना इथं जागा नाही."

तेव्हा थोरली आली. आल्या आल्या तिने आईकडून किल्ली मागून घेतली, कुलूप उघडले, एक पाऊल आत टाकले आणि लगेच बाहेर येऊन कठड्यावरून वाकली. सकाळचा चहा समुद्रात गेला.

"लोक आत बघत नाहीत गं, ताई," धाकटा चाचरत म्हणाला. "फोटो काढतात आणि जातात."

"फोटोला वास येत नाही म्हणून," थोरली तोंड पुसत म्हणाली.

बाई रोज दुपारी डबा घेऊन येत, पण धक्क्यावरच्या बाकावर बसत. माझ्यावर पाय ठेवत नसत. त्यांनी एकच अट घातली होती. "इंजिनांचं काय ते कर. केबिनमधलं काही हलवायचं नाही. तुझे बाबा ठेवून गेलेत तसं राहू दे." थोरलीने आत काय आहे ते सांगायचे टाळले. तिने केबिनचे दार ओढून घेतले आणि कामाला लागली.

तिने इंजिनांचा एक मिस्त्री गाठला आणि दोघे मिळून रोज माझ्यातून घाण काढत. डिझेलच्या टाकीच्या तळातला काळा गाळ त्यांनी डबेच्या डबे उपसला. बिल्जमधला तो उंदीर तिनेच हातमोजा घालून काढला, कारण मिस्त्रीने साफ नकार दिला. "इंजिनाचं काम सांगा, ताई. मयताचं सांगू नका." इंजिने थंड ठेवायला समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपांतली रबरी चाके तिने दोन्ही बाजूंची बदलली. बिल्जमध्ये नवा पंप बसवला, पाणी वाढले की ओरडणारा. भावाच्या पिळलेल्या तारा एकेक सोडवून नव्या घातल्या. तिच्या केसांना, नखांना, जेवणाच्या डब्यालाही माझा वास लागला. धाकटा दुरून म्हणे, "तू बसमध्ये चढलीस की लोक उतरत असतील." ती हसत नसे. पण तिसऱ्या दिवशी त्याने गालिचा स्वतःच खरवडून काढायला घेतला, आणि त्याखालचे पाहून बादली आणायला गेला.

इंजिने सुरू झाली. आधी डावे, मग खोकत खोकत उजवे. मला रडावेसे वाटले. पण इंजिनांवरचे झाकण लावून जोर दिला की दोन्ही काळा धूर ओकत आणि बंद पडत. झाकण उघडले की पुन्हा व्यवस्थित. फिल्टर बदलले, तेच. डिझेल नवे भरले, तेच. झाकण उघडे टाकून समुद्रात जाता येत नाही, एक मोठी लाट आली की संपले. महिना संपायला चार दिवस उरले होते. मी ओरडून सांगितले असते, पण बोटीला तोंड नसते, भोंगा असतो, आणि तोही धाकट्याने बदलून गाणे वाजवणारा बसवला होता.

चौथ्यांदा बंद पडल्यावर थोरली झाकणावर बसून राहिली. "यांना श्वास मिळत नाही," ती मिस्त्रीला म्हणाली. "हवा येते कुठून?" ती उठून माझ्या बाजूला गेली, जाळीवरून हात फिरवला. रंगाखाली काहीतरी गुळगुळीत लागले. तिने पटाशी घातली. चिकटपट्टी निघाली आणि मागून एक काळपट, बुळबुळीत लोळा बाहेर आला. तिने तो उलगडला. घरातला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल होता.

बाकावरून बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"आई, हे तू केलंस?"

"त्यांचा वास जाईल म्हणून."

"मग नंतर कधी आत आलीस?"

"नाही आले. सारखं उघडलं असतं तर संपला असता ना."

थोरलीने टॉवेल खाली ठेवला, हात पुसला आणि पुढे केला. "एकदा ये."

बाई दोन वर्षांनी माझ्यावर आल्या. केबिनच्या दारात क्षणभर थांबल्या, पदर नाकाला न लावता आत गेल्या आणि सवयीने गादीवर बसल्या. गादीतून पाणी पिळून निघाले. त्या दचकून उठल्या. साडी मागून ओली झाली होती. त्यांनी उशी उचलली, तोंडाजवळ नेली आणि तशीच लांब धरली.

"हे हिरवं काय आहे?"

"बुरशी."

"आणि हा वास?"

"बिल्जचा. संडासाचा. सगळ्याचाच."

बाईंनी आजूबाजूला पाहिले. भिंतीवरचे ओघळ पाहिले, छतावरचे काळे डाग पाहिले. मग फार शांतपणे म्हणाल्या, "यात ते कुठं आहेत?"

थोरलीने उशी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"शी," बाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून आलेला हा मला आवडलेला पहिला शब्द. त्यांनी पदर कमरेला खोचला. "धर ती गादी त्या बाजूनं. आणि त्याला हाक मार, नुसता उभा आहे तिकडे."

गादी ओढताना दारात अडकली आणि फाटली. तिघांच्या अंगावर काळे पाणी उडाले. धाकटा म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते, आधी दाराचं माप घ्या." थोरली तेव्हा पहिल्यांदा रडली, हातात गादीचे टोक धरून. बाईंनी तिला रडू दिले, पण टोक सोडू दिले नाही.

सगळ्या जाळ्या मोकळ्या झाल्या. शेवटच्या दिवशी साहेब धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभे राहिले आणि आम्ही निघालो. थोरली सुकाणूवर होती. लाल बोयाला वळसा घालताना उजवे इंजिन तापू लागले.

"बंद कर ते," धाकटा म्हणाला. "एकावर जाऊ. लांबून कुणाला कळतंय?"

"दोन्हींवर सांगितलंय." तिने वेग कमी केला. मी चालत्या माणसाच्या गतीने परत आले, एका बाजूने तब्येत सांभाळत, पण दोन्ही पंखे फिरत होते. धक्क्याला लागल्यावर साहेबांनी वाकून दोन्ही इंजिनांतून बाहेर पडणारे पाणी पाहिले, कान देऊन ऐकले आणि मान डोलावली. "ठीक आहे. राहू दे तिला. ते निळे दिवे तेवढे काढा, इथं हॉटेल आहे की काय वाटतं."

मित्रांनो, मी अजून स्वच्छ नाही. केबिनमध्ये नुसत्या फळ्या आहेत, उजव्या इंजिनाचे पुष्कळ काम बाकी आहे आणि बिल्जच्या कोपऱ्यात अजून एक जुना, आंबूस वास आहे. थोरली दर महिन्याला सहा तास प्रवास करून येते. बाईही येतात. मालकांच्या वासात काय काय होते ते सांगता येते, पण तो वास मला आता आठवत नाही, बाईंनाही आठवत नसावा.

तुमच्या घरातही बंद करून ठेवलेले काही असेल. कुणाची पेटी, कुणाची खोली, कुणाची सायकल. त्याच्यासाठी हळहळू नका. हळहळणारा माणूस दार हळूच लावून घेतो. उघडा ते. घाण वाटेल. वाटू द्या. किळस आलेला माणूस निदान बादली शोधायला जातो.