पाखराची झोप

मित्रांनो, कपाटाच्या कडेला, चादरीखाली जे चौकोनी दिसतंय ना, तो मी. एक जुना संगणक. हल्ली मला सगळे टेबलच समजतात. कुणी माझ्या डोक्यावर पाण्याचा पेला ठेवतं, कुणी इस्त्रीचे कपडे. राग येत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण माझ्या मनातली सल वेगळीच आहे.

मी एखाद्या झगमगीत दुकानातून खोक्यात बसून आलो नाही. एका दुरुस्तीवाल्या मामाने तीन बंद पडलेले संगणक उघडले, त्यांतले धड भाग जोडले आणि मला उभं केलं. बहिणीच्या घरी मला उतरवताना तो म्हणाला, "घे ताई, तीन मढ्यांतून एक जिवंत काढलाय. पंखा तेवढा म्हातारा आहे. फार दामटू नका, तापला की मान टाकतो."

ताई घरीच शिवणकाम करायची. तिच्या शिवणयंत्राशेजारी मला जागा मिळाली. ताईचा एक नेम होता. दिवेलागण झाली की काम अर्धं असो की पाऊण, ती यंत्र थांबवायची, तेलाचे दोन थेंब सोडायची, पुसून वर कापड घालायची आणि क्षणभर हात जोडायची. म्हणायची, "ज्याच्या जिवावर खातो त्याला विसावा नको?" मग लेकीकडे वळून, "आणि तुझं ते धूड पण निजव आता."

लेकीला मामा 'खुटखुट' म्हणायचा. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि माझ्या बटणांवर हिची खुटखुट सुरू. आधी तिने पडद्यावर एक ठिपका चालवला. त्या दिवशी ती घरभर नाचली. मग ठिपक्याला पंख फुटले. आईच्या मापं बेतायच्या कागदावर ती चौकटी आखायची, एकेक चौकट रंगवून पाखरू काढायची. एका कागदावर पंख वर, दुसऱ्यावर पंख खाली. तेच मग माझ्या पडद्यावर एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उडू लागलं.

पण खेळ रंगात आला की मी तापायचो. पंखा घरघरायचा आणि मी खरंच मान टाकायचो. दुसऱ्या कुणी थपडा मारल्या असत्या. खुटखुटने माझ्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि खेळाच्या आज्ञांत एक ओळ लिहिली. थोडा वेळ उडालं की पाखराचे पंख जड व्हायचे, ते तारेवर बसायचं, पंखात चोच खुपसायचं आणि पडद्यावर अक्षरं यायची, 'पाखरू दमलं. आता तूही ऊठ.' मी निवेपर्यंत ते काही केल्या जागं व्हायचं नाही.

मामा खो खो हसला. "अगं, लोक खेळ वाढवतात, तू मिटवतेस होय?"

"मामा, तो तापतो ना!"

मित्रांनो, ती ओळ माझ्यासाठी लिहिलेली होती. यंत्राच्या जन्माला येऊन आणखी काय मागायचं?

ताईने कडेला उभं राहून एकदा तो खेळ पाहिला. "शहाणं आहे हो पाखरू," ती म्हणाली. "माणसांना कळत नाही ते त्याला कळतं."

खुटखुट मोठी झाली. फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत तिला काम मिळालं. लहानपणीचं वेड पोटापाण्याच्या कामी आलं म्हणून घर आनंदलं. माझ्या शेजारी तिचा नवा लॅपटॉप आला. तिने माझ्यातल्या पाखराची नक्कल त्यात उतरवून घेतली, तिला नवे रंग दिले, आणि कंपनीने तो खेळ घ्यायचं ठरवलं.

मग एका दुपारी कंपनीतल्या तिच्या मोठ्या बाईंचा फोन आला. "खेळ गोड आहे, पण ते झोपणं काढ. पाखरू झोपलं की माणूस फोन ठेवतो. माणसाने फोन ठेवला की आपण संपलो."

"पण बाई, खेळाचा जीवच त्यात आहे."

"मग तो जीव घरी ठेव आणि खेळ आम्हाला दे. नाहीतर दुसऱ्या कुणाचा घेऊ."

खुटखुटने फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटला. ताईने दोरा तोडता तोडता विचारलं, "तोंड का गं उतरलं?"

"काही नाही आई. एक ओळ काढायला सांगतायत."

"एकच ना? मग काढ की! एवढ्यासाठी हातचं काम घालवतेस?"

तिने ती ओळ काढली. झोपेच्या जागी रडणं आलं. खेळ सोडायला गेलं की पाखरू डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, 'मला एकटं टाकून चाललात?' दाणे टाकले की तेवढ्यापुरतं थांबायचं. नव्या नवलाईने खेळ घरोघरी गेला. खुटखुटने आईलाही नवा फोन घेतला आणि सगळ्यात आधी हौसेने तोच खेळ त्यात घालून दिला.

ताई मुळात मायाळू. तिच्याच्याने पाखराचं रडणं बघवेना. सकाळी उठली की त्याला दाणे, जेवताना दाणे, अंथरुणात दाणे. नेम करणाऱ्या बाईला नवा नेम मिळाला. शिवणयंत्रावरचं कापड घसरून खाली पडलं ते पडलंच. सुईखाली एका मास्तरांच्या कोटाची बाही अडकून राहिली. मास्तर दोनदा येऊन गेले. "उद्या देते हं," ताई मान वर न करता म्हणाली. तिसऱ्यांदा ते कापड परत घेऊन गेले. मग गिऱ्हाईकंही येईनाशी झाली.

एका दिवेलागणीला खुटखुट घरी आली तर घरात अंधार. फोनचा निळा उजेड तेवढा ताईच्या तोंडावर.

"आई, दिवा तरी लाव गं."

"थांब. एवढं झालं की लावते."

"आई, माझ्याकडे बघ ना."

"अगं, ते रडतंय बघ."

"ते रडत नाही आई! मी रडवलंय त्याला!"

ताईला ते ऐकूच गेलं नाही. खुटखुटने तिथूनच मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, झोप परत घालू द्या. माझी आई..."

"आईला सांग फोन ठेवायला. आपण खेळ विकतो, आया सांभाळत नाही."

त्या रात्री तिने माझ्यावरचे कपडे ढकलले आणि मामाला बोलावून आणलं. मामाने फुंकर मारून धूळ उडवली, तारा चाचपल्या. "ऊठ रे म्हाताऱ्या, तुझ्यावाचून अडलंय." मी होता नव्हता तो जोर लावला. पंखा घरघरला. पडद्यावर ते जुनं, ओबडधोबड पाखरू पंख हलवत आलं.

"आई, हे खेळून बघ. एकदाच."

ताई आली. तिने बटण दाबलं आणि पाखरू उडालं. ती हसलीसुद्धा. खुटखुट तिच्याकडे बघत होती. मी तापत चाललो होतो, पण मान टाकली नाही. पाखरू तारेवर बसलं, चोच पंखात गेली, अक्षरं आली.

'पाखरू दमलं. आता तूही ऊठ.'

ताईने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "एवढंच?" ती म्हणाली. "बिघडलंय वाटतं तुझं जुनं खटारं." आणि तिने पदराआडचा फोन काढला.

मामा खाली बघत स्क्रू घट्ट करत राहिला. घट्टच होता तो. खुटखुटने मला बंद केलं, चादर पसरली आणि चादरीवरूनच माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायची तसाच. सकाळी ती कामावर गेली. पाखराचं रडणं आणखी मोठं करायचं बाईंचं फर्मान होतं, असं ती रात्री मामाला सांगत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, एवढंच सांगायचं मी ठरवलं होतं. आता वाटतं, धुळीचं काय एवढं! ज्याला थांबता येतं त्याला बिघडलेलं म्हणू नका. दिवेलागण झाली की एकदा मान वर करा. समोर कुणी उभं असेल, तुम्हाला हाक मारत असेल. हातातल्या पाखराची वाट बघत बसू नका. ते झोपणार नाही. त्याची झोप इथे आहे, माझ्यापाशी, चादरीखाली.