तुरटी लावायच्या आधी

"रक्त दिसलं की आधी तुरटी, मग गंमत. गिऱ्हाईक हसलं की जखम विसरतं." पहिल्यांदा हातात वस्तरा देताना वडील बोलले होते, ते न्हाव्याच्या कानात जन्मभर वाजत राहिलं. आजही वाजलं.

खुर्चीत जावई बसला होता. हनुवटीच्या खळीत पातं जरासं सरकलं, आणि कातडी ताणून धरलेल्या अंगठ्यालाही चाटून गेलं. पांढऱ्या फेसात दोन लाल ठिपके उमटले, बघता बघता एक झाले.

"मामा, लेक दिलीत आणि हनुवटी घेता होय?" जावई डोळे मिटूनच म्हणाला.

न्हाव्याला हसू फुटेना. मागे रक्तदानाला गेला, तेव्हा त्याचं रक्त नाकारलं गेलं होतं. हेपॅटायटिस बी निघाला. अंगाला त्रास कसलाच नव्हता. म्हणून त्यानं घरात अवाक्षर काढलं नाही. बभ्रा झाला तर दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही.

रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं होतं. रक्तातून रक्तात गेलेला विषाणू वाहत वाहत यकृताशी येतो. पेशीच्या अंगावरच्या झालरीला अलगद बिलगतो. मग पित्तातले क्षार ज्या दारानं आत घेतले जातात, तेच दार धरतो. कडी वाजवत नाही, कुलूप मोडत नाही. घरचाच असल्यासारखा आत शिरतो आणि बिऱ्हाड थाटतो.

आरशात जावयाच्या तरण्या गळ्याची शीर उडत होती. एकेका ठोक्यासरशी तो आगंतुक विषाणू पुढे, आणखी पुढे.

सवयीनं न्हाव्याचा हात तुरटीवर गेला. ओली, गार. घासली की रक्त थांबेल, खूणही उरणार नाही. गंमतही जिभेवर तयार होती. पण बाईंचं शेवटचं बोलणं आठवलं. कुणाच्या जखमेला तुमचं रक्त लागलंच तर लगेच पाठवा, इंजेक्शनं वेळेत मिळाली तर विषाणूला दाराबाहेरच अडवता येतं.

जावयानं डोळे उघडले. का थांबलात, म्हणून विचारलं.

न्हाव्यानं तुरटी खाली ठेवली. अंगठा फडक्यात गुंडाळला, जावयाला नळाखाली हनुवटी धुवायला लावली. पाणी वाहत असतानाच, भिंतीकडे बघत, तो म्हणाला,

"जावईबापू, मला हेपॅटायटिस बी आहे. ठाऊक होतं, बोललो नाही. माझं रक्त तुमच्या जखमेत गेलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."