जावयांच्या पाण्यावरचा आंबा

नानाजींच्या अंगणातल्या आंब्याला यंदा पहिल्यांदाच कैऱ्या लागल्या आणि यंदाच गावाची विहीर आटली. टँकर सुरू झाला. ग्रामपंचायतीने नियम काढला: पिण्याचं पाणी वेगळं, वापरायला माणशी एक बादली, पाहुणा धरून. झाडाला, अंगणाला, गाडीला चांगलं पाणी नाही. अंगावरून गेलेलं पाणी कुठेही जाऊ द्या. नियम मोडला, की त्या घराची बादली बंद.

पाणी समितीच्या अध्यक्ष होत्या विमलताई. त्या आपल्या बायकोही आहेत, हे नानाजींना अधूनमधून आठवायचं. सख्ख्या भावाने मोटरसायकल धुतली, तर विमलताईंनी त्याची बादली बंद केली आणि त्याच्याच घरी चहा पिऊन आल्या.

इकडे कैऱ्या सुकून टपाटप पडत होत्या. धोंड्याच्या महिन्यात घरच्या आंब्याचा रस खाऊ घालीन, असा शब्द नानाजींनी राजूरच्या जावयाला, अंकुरला, दिला होता. ते झाडाखाली बसून आंघोळ करू लागले.

"एका म्हाताऱ्याच्या आंघोळीवर आंबा जगते का?" विमलताई म्हणाल्या.

"मंग तूबी ये ना खाली."

"मी न्हाणीतच करीन. समितीची इज्जत हाये."

धोंड्याचा महिना लागला आणि कोळशाच्या खाणीत नोकरीला असलेला अंकुर कामावरून थेट आला. या महिन्यात जावयाला पाटावर बसवून आंघोळ घालायची रीत. नानाजींनी पाट झाडाच्या बुडाशी मांडला.

"मामाजी, आधी चहा तरी..."

"चहा झाडाले चालत नाही. बसा."

साबणही झाडाला चालत नाही, म्हणून बेसन फासलं. अंकुर कढईत सोडायच्या बेतातल्या भज्यासारखा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी एकही कैरी पडली नाही. नानाजी तडक शेजारच्या बंजारा तांड्यावर देवसिंगकडे गेले.

"देवसिंगभाऊ, तुमाले चार जवाई ना?"

"हाव."

"बलावून घ्या."

"आमच्यात धोंड्याची रीत नाही, नानाजी."

"आंघोळीची तर हाये ना?"

देवसिंगने फोन काढला. चारही जावई आले. ते पाहून गावातल्या बाकीच्यांनीही आपापले जावई बोलावले. झाडाभोवती पाटांचं रिंगण पडलं. देवसिंगच्या बायको बसंतीबाई गाणं म्हणत तांब्याने पाणी ओतायच्या. खाणीतून फोन आला, तेव्हा अंकुरने गंभीरपणे सांगितलं, "साहेब, सासरी आंब्यावर ड्युटी लागली."

एक दिवस विमलताई तपासणीला आल्या. एकेका जावयाच्या कानामागे पाहत त्या देवसिंगच्या धाकट्या जावयापाशी, राजकुमारपाशी, थांबल्या. केस कोरडे. अंग कोरडं. बादली रिकामी. बुडाशी मात्र चिखल.

"हे पाणी अंगावरून गेलं का?"

"थंडी वाजून राह्यली, काकू," राजकुमार म्हणाला. ऊन पंचेचाळीस डिग्री होतं.

"चांगलं पाणी झाडाले गेलं. ज्याचं झाड, त्याची बादली बंद."

नानाजींचा चेहरा पडला. "अवो, ते तर आपलंच घर हाये."

"मले माहीत हाये. काल इथंच झोपली होती मी."

घराची बादली बंद झाली. नानाजी, विमलताई आणि अंकुर तिघंही बिनआंघोळीचे झाले. दंड झालेल्या झाडाखाली आता कोण जावई बसवणार, आंब्याचं काय, या काळजीने नानाजींनी जेवण टाकलं. तेवढ्यात देवसिंग दारात आला. मागे चार जावई, खांद्यावर टॉवेल.

"आमच्या घरच्या बादल्या तर चालू हायेत," तो म्हणाला. "आता हा राजकुमार रोज पहिला बसन. डोक्यावरून."

राजकुमार बसला. विमलताईंनी स्वतः त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि कान चोळून दिले. त्याने 'आई गं' म्हटलं, तशी त्यांनी मान्यता दिली.

आंबे पिकले. रस निघाला. धुतलेले, चकचकीत जावई पंगतीत एका बाजूला आणि बिनआंघोळीचा अंकुर वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, एकटा. पहिली वाटी नानाजींनी त्यालाच दिली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

अंकुरने घोट घेतला. त्याचे दोन्ही डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"कसा हाये?"

"आंबट हाये, मामाजी."

"लई?"

"लई." त्याने डोळे तसेच मिटून वाटी पुढे केली. "वाढा अजून."